हिस्सा मागितला तर माहेर तुटेल?

‘प्रिय ताई,

आम्ही दोघी बहिणी. मी ३१, धाकटी २५. एक मोठा भाऊ. बाबांचा कोथरूडला फ्लॅट होता, १९८९ मध्ये स्वतःच्या नोकरीच्या पैशातून घेतलेला. मृत्युपत्र केलं नव्हतं. बाबा गेले आणि चार महिन्यांत सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. दादा म्हणाला, सगळ्यांची नावं लागली तर प्रत्येक सहीला हेलपाटे, एकाच्या नावावर करून टाकू. आई म्हणाली, भावाशी वाकडं नको. आम्ही तिघींनी जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कॅमेऱ्यासमोर फोटो, मशीनवर अंगठा, आणि बाहेर आल्यावर दादाने आम्हाला उसाचा रस पाजला. त्याला आता दोन वर्षं दोन महिने झाले.

इमारत पाडली. बिल्डर देतो ते भाडं दादाच्या खात्यात जातं. त्याने बावधनला घर घेतलं आणि म्हणाला, इथे जागा कमी पडते, तुम्ही तात्पुरत्या मामाच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये राहा. मामाला भाडं माझ्या पगारातून जातं. गेल्या महिन्यात वहिनी सहज बोलून गेल्या की नव्या घरात एक खोली मुलाची, एक अभ्यासाची. आईची कुठली, ते त्या बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

धाकटीचं चार वर्षांपासून एका मुलावर प्रेम आहे. त्यांचा प्रभात रोडला बंगला. आम्ही कोथरूडला होतो तोवर त्याची आई हिला कौतुकाने ‘आमची सून’ म्हणायची. धायरीला आल्यावर एक फोन आला, ‘आम्हाला काही नको हो, फक्त मुलीचं स्वतःचं घर कुठे ते कळलं म्हणजे बरं.’ तेव्हापासून जाणंयेणं बंद. तो रात्री मेसेज करतो, आईला समजावतोय म्हणतो. वर्ष होत आलं. हिने नोकरी सोडली, धड जेवत नाही, झोपत नाही.

दादाकडे हिस्सा मागावा असं मनात येतं. पण कोर्टकचेरी झाली तर हिचं स्थळ कायमचं जाईल आणि आमचं माहेर तुटेल. बाबांच्या आजारपणात दादाने साडेचार लाख घातले, हेही खरं. काय करू? माझ्याही मनात एक जण आहे. भोसरीला त्याचं छोटं वर्कशॉप आहे. जात वेगळी. दादा एकदाच म्हणाला, ‘त्या लोकांत?’ ते राहू दे. आधी धाकटीचं होऊ दे.

– थोरली, धायरी’

प्रिय थोरली,

आधी हिशेब करू. तुझ्या पत्रात सगळं आहे, तो तेवढा नाही.

वडिलांनी स्वतः कमावलेलं घर, मृत्युपत्र नाही, मागे बायको, एक मुलगा आणि दोन मुली. हिंदू उत्तराधिकार कायद्याने याचे सरळ चार सारखे भाग होतात. आईचा एक, दादाचा एक, तुझा एक, धाकटीचा एक. म्हणजे बाबा गेले त्या दिवशी कोथरूडच्या त्या फ्लॅटमधला चार आण्यांचा हिस्सा दादाचा होता आणि बारा आणे तुम्हा तिघींचे. तू ‘दादाकडे हिस्सा मागावा’ असं लिहितेस, जणू घर त्याचं आणि तुम्ही दारात उभ्या. आज कागदावर ते तसंच आहे, पण ते तसं झालं ते तुमच्या सह्यांनी. त्याआधी त्या घरात चार सारख्या वाटेकऱ्यांपैकी तो एक होता.

लोक यात हमखास २००५ चा कायदा आणतात. ती दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्माने हक्क देणारी. तुमच्या घराला तिची गरजच नाही. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढा वाटा १९५६ पासून आहे. एक मेख मात्र तेव्हा मारून ठेवली होती. कुटुंब राहतं त्या घराची वाटणी मुलगे करायला तयार होईपर्यंत मुलींना ती मागता येत नसे. ते कलम २००५ मध्ये गेलं. आणि जाता जाता सांगते, हा १९५६ चा कायदा ज्या हिंदू कोड बिलातून आला, ते रखडलं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदामंत्रीपद सोडलं. दादा ‘त्या लोकांत?’ म्हणाला तेव्हा हे कुणीतरी त्याच्या कानावर घालायला हवं होतं.

आता कडू भाग. हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे. ‘आम्हाला कळलं नाही, कसली सही ते’ असं तू म्हणू शकत नाहीस. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो निघाला, अंगठा उमटला, कबुली झाली. तू हिशेब तपासायची नोकरी करत असशील किंवा शाळेत शिकवत असशील, पण शिकलेली आहेस, हे समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढेल. असा दस्त रद्द होतो तो फसवणूक, दिशाभूल किंवा दबाव सिद्ध झाला तरच, आणि सिद्ध तुम्हाला करावं लागतं. ‘बिल्डरच्या सोयीसाठी एकाच्या नावावर करू, घर सगळ्यांचंच’ असं सांगून सह्या घेतल्या असतील, तर ती दिशाभूल म्हणून मांडता येते. पण जिंकालच असं कुठलाही वकील बोलला तर दुसरा वकील बघ.

आणि मुदत. दस्त रद्द करून मागायला कायद्याने ३ वर्षं मिळतात, खरी गोष्ट कळल्यापासून. ती कधी कळली यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालतो. तो वाद अंगावर घ्यायचा नसेल तर सहीच्या तारखेपासून मोज. दोन वर्षं दोन महिने गेले, उरले दहा. ‘धाकटीचं झालं की बघू’ म्हणत बसलीस तर हा प्रश्न आपोआप सुटेल, दादाच्या बाजूने.

पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर आई. तिच्यावर तू साडेतीन ओळी लिहिल्यास, त्यातली एक ‘भावाशी वाकडं नको’. अगं, या सगळ्यात पूर्णपणे उघड्यावर पडली ती ती. तू कमावतेस, धाकटी उद्या कमवेल. आईने नवऱ्याच्या घरातला स्वतःचा वाटा मुलाला दिला, डोक्यावर छप्पर राहील या भरवशावर, आणि आता नव्या नकाशात अभ्यासाला खोली आहे, तिला नाही. म्हणून सुरुवात तुझ्या हिश्श्यापासून करू नकोस. आईपासून कर.

याला कायद्यातही आधार आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्याचं कलम २३ बघ. साठीच्या पुढच्या माणसाने ‘माझी देखभाल करशील’ या अटीवर मिळकत कुणाला दिली आणि घेणाऱ्याने ती केली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं मानून न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. हे काम प्रांत अधिकाऱ्यांकडे चालतं, दिवाणी कोर्टापेक्षा कमी वेळात आणि कमी खर्चात. अडचण अटीची. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या हिताच्या बाजूने वाचावा असंही म्हटलं. सही केली तेव्हा आईला साठ पूर्ण होती का, ते आधी बघ. मग तुमचा घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघड आणि सहीच्या आधीच्या-नंतरच्या दोन-तीन महिन्यांत जा. दादाने कुठेतरी लिहिलं असेलच, ‘आईची काळजी करू नका, नव्या घरात ती माझ्याकडेच’ असं काही. पोरं अशा वेळी भरभरून लिहितात. ते मेसेज पुसू नकोस, फोन बदलू नकोस, स्क्रीनशॉट काढून स्वतःला मेल कर.

मग कागद. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताचा गोषवारा, शोधता येते. पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल हवेलीच्या ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात सह्या झाल्या तिथे अर्ज करून मिळते. दस्त लिहून देणाऱ्या तुम्हीच आहात, नक्कल मागायला कुणाची परवानगी नको. बिल्डरने दादाबरोबर नव्या जागेचा वेगळा करार नोंदवला असेल तर तोही तिथेच सापडेल. किती चौरस फूट, ताबा कधी, दरमहा भाडं किती, सगळं त्यात असतं. दादाला विचारायच्या आधी हे तुझ्या हातात हवं.

वकील परवडणार नाही असं तू लिहिलं नाहीस, पण धायरीचं भाडं भरून उरतं किती याचा अंदाज मला येतो. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. शिवाय महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात दावा लावणाऱ्या बाईला कोर्ट फी माफ आहे. ही सवलत १९९४ पासूनची, तरी अजून कितीतरी जणी फी कुठून आणू म्हणून घरी बसतात.

एवढं झालं की दादाशी बोल. फोनवर नको, वहिनीमार्फत नको, मामाला मध्ये घालून तर मुळीच नको, त्याचं भाडं चालू आहे. आईला घेऊन बावधनला जा आणि आईला बोलू दे. तिने एवढंच म्हणावं, ‘नव्या करारात माझं नाव घाल आणि बिल्डरच्या भाड्यातला माझा वाटा या महिन्यापासून मला दे.’ तुझं आणि धाकटीचं त्या दिवशी काढूच नका. साडेचार लाखांचं मात्र तू स्वतःहून काढ. ‘दादा, बाबांच्या दवाखान्याला तू घातलेस ते हिशेबात धरू’ म्हण. तो पैसा खरा आहे, तो वजा व्हायलाच हवा. फक्त साडेचार लाखांत कोथरूडमधले बारा आणे येत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्याने ऐकलं तर कौटुंबिक तडजोड कागदावर आणून नोंदवून घ्या. ‘आपल्यात कागद कशाला’ हे वाक्य या घरात एकदा ऐकून झालंय. त्याने उडवून लावलं, तर आईचा अर्ज प्रांतांकडे आणि तुम्हा दोघींची नोटीस वकिलामार्फत, एकाच आठवड्यात. इमारत उभी राहत असताना बिल्डरला वारसांचा वाद नको असतो, तेव्हा नोटिशीला जो मान मिळतो तो ताबा दिल्यावर मिळत नाही.

माहेर तुटेल, म्हणतेस. हक्कसोडीच्या बदल्यात बहिणींना साडीचोळी आणि भाऊबीजेचं ताट मिळायचं, गावाकडे अजून मिळतं. तुमच्या वाट्याला उसाचा रस आला. चेष्टा करत नाही. ती भीती किती खोल असते ते मला या सदराला येणाऱ्या पत्रांतून दिसतं. वाटा न मागणारी बहीण गुणाची, मागणारी कजाग, हे आपण मुलींना भातुकलीच्या वयापासून शिकवतो. पण तूच बघ, आई धायरीत तुझ्या शेजारी झोपते. मग जे तुटेल म्हणतेस ते माहेर आज कुठल्या पत्त्यावर आहे? दादा दोन वर्षांत किती वेळा धायरीला आला, हे तू लिहिलं नाहीस. बहुधा लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आता धाकटीचं. पुण्यात पत्ता विचारतात तेव्हा फक्त पत्ता विचारत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. कोथरूड म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही, धायरी म्हटलं की येतो, ‘स्वतःचं का?’ त्या बाईंनी तो प्रश्न फार सभ्य भाषेत विचारला. हुंडा नको, सोनं नको, फक्त मुलीच्या मागे काय आहे ते कळू दे. १९६१ पासून हुंडा मागायला बंदी आहे, तेव्हापासून सुशिक्षित घरं अशीच चौकशी करतात. कुणाला राग यावा असं त्यात काही आहे, हे त्यांना वाटतही नसेल. तोलामोलाचं बघणं म्हणजे शहाणपण, असंच त्या मानत आल्या असणार.

तुझा मात्र एक धागा इथे उलटा गुंतलाय. घर गेलं म्हणून ते स्थळ गेलं. आणि तू म्हणतेस, घर मागितलं तर ते स्थळ जाईल. जे गेलंय ते राखायला तू दहा महिने घालवणार?

मुलाबद्दल मी फार लिहिणार नाही. तो नालायक आहे असंही म्हणत नाही. बंगल्यात वाढलेला मुलगा आईला एक वर्ष ‘समजावतोय’, दिवसा भेटत नाही, रात्री मेसेज करतो. या एका वर्षात त्याने स्वतःच्या पगारावर एखादं वन बीएचके भाड्याने बघितलं का, एवढं एकच विचारण्यासारखं आहे. ते धाकटीने विचारायचं, तू नाही. तू त्याला भेटायला जाऊ नकोस, त्याच्या आईला फोन करू नकोस. बहिणीची वकिली करायला गेलीस की ती कायमची अशील होऊन बसेल.

आणि एक सक्त ताकीद. उद्या खरंच काही मिळालं, तुझ्या नावावर, तिच्या नावावर, तर ती बातमी प्रभात रोडला पोचवू नका. एखाद्या सामायिक मैत्रिणीच्या तोंडूनसुद्धा नाही. त्या बातमीने तो परत आला तर धाकटीला आयुष्यभर कळणार नाही की तो कशासाठी आला.

तिचं न जेवणं, न झोपणं मात्र प्रेमभंगाच्या खात्यावर टाकून सोडू नकोस. महिनोन् महिने झोप नाही, नोकरी सोडली, हे आजारपण असू शकतं आणि त्याला औषध असतं. डॉक्टरकडे ने, आधी तुमच्या नेहमीच्या, मग ते सांगतील तिथे. ‘जगून काय करू’ अशा सुराचं काही बोलली तर तिला एकटीला ठेवू नकोस आणि थेट विचार, विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दोघींच्याही फोनमध्ये आजच घालून ठेव. तब्येत सावरली की तिने कमवायला लागायचं, आधी थोडं का होईना, आणि धायरीच्या भाड्यात वाटा उचलायचा. पंचविशीची आहे ती. तुझ्या पत्रात ती पंधराची वाटते.

शेवटी तुझी ती ओळ. ‘ते राहू दे.’

का राहू दे? पत्रात बंगल्यातल्या मुलाला एक पूर्ण परिच्छेद आणि वर्कशॉपवाल्याला दीड ओळ. त्याचं नाव नाही, वय नाही, तो तुझ्याशी कसा वागतो नाही. त्याची जात तेवढी लिहायची राहिली नाही, तीही दादाच्या तोंडून. म्हणजे प्रभात रोडच्या बाई धाकटीला ज्या तराजूत घालतात, त्याच तराजूत तू त्याला घालून ठेवलंयस, असं मला वाटलं. चुकत असेन तर पुढच्या पत्रात भांड माझ्याशी. पण भोसरीत स्वतःच्या हिमतीवर लेथ चालवणारा माणूस, महिन्याच्या शेवटी कामगारांचे पगार आधी काढून मग स्वतःचं बघणारा, तो घर कसं चालवेल हे कळायला पत्रिका लागत नाही. तसा तो आहे की नाही, ते तू बघितलं असशीलच. कर्ज किती आहे, जॉबवर्कची बिलं किती महिने अडकतात, हे त्याला सरळ विचार. लाजायचं कारण नाही, त्यानेही तुझं विचारावं.

‘आधी धाकटीचं’ हा नियम तुझ्या घरात कुणी केलाय, हे मला पत्रात सापडलं नाही. आईने नाही, धाकटीने तर नाहीच. लग्न झालं की हिस्सा जातो अशी एक समजूत असते, तीही खोटी. लग्न झालेल्या मुलीचा बापाच्या मिळकतीतला वाटा लग्न न झालेलीएवढाच. जात वेगळी म्हणूनही तो कमी होत नाही. राहिला धायरीच्या भाड्याचा प्रश्न. तो खरा आहे आणि तो तुझ्या एकटीचा नाही. बिल्डरकडून येणाऱ्या भाड्यात आईचा हिस्सा आला की निम्मा तिथेच सुटेल.

तेव्हा क्रम असा धर. या आठवड्यात धाकटीला डॉक्टरकडे ने आणि दस्ताच्या नकलेचा अर्ज कर. रविवारी तुझ्या वर्कशॉपवाल्याला घरी जेवायला बोलाव, आईला आधी सांगून, दादाला न विचारता. बावधनची भेट नक्कल हातात आल्यावर, त्याआधी नाही. नक्कल आली की मोबदल्याचा रकाना बघ. बहुतेक ‘नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला’ असं असेल. त्याखाली आईच्या राहण्याबद्दल किंवा सांभाळाबद्दल अर्धं वाक्य जरी सापडलं, तर ते पान वकिलाला सगळ्यात आधी दाखव. आणि मलाही शब्दशः लिहून पाठव.

तुझी,
ताई